पाणी आलं म्हणून पाणी आलं नाही

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. इंग्रजी वॉटर, जर्मन वासर, रशियन वदा हे सगळे एकाच शब्दाचे अवतार आहेत का, आणि असतील तर आपलं 'पाणी' त्यांचं कोण लागतं? दुसरं म्हणजे मराठीत या एका शब्दाला एवढे अर्थ कसे चिकटले? मी भाषेचा प्राध्यापक नाही. कोल्हापुरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, त्यामुळं दिवसभर गिऱ्हाइकाच्या तोंडी विषय एकच, पाणी. म्हणून दुसरा प्रश्न आधी घेतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, उपसा केंद्रं बुडाली आणि शहराचे नळ बंद पडले. त्या आठवड्यात पुण्याची मावशी रोज फोन करायची, "पाणी आलं का रे?" मी म्हणायचो, "पाणी आलंय म्हणून तर पाणी येईना." तिला लगेच कळायचं. पहिलं पाणी पुराचं, दुसरं नळाचं. वाक्यात ना पूर, ना नळ, तरी गोंधळ नाही. आमच्याकडं जुलैत कुणी "पाणी कुठवर आलं?" असं विचारलं तर उत्तर फुटांत येतं, कारण राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. तोच प्रश्न मार्चमध्ये विचारा. उत्तर येईल, "खालच्या गल्लीत आलंय, आपल्याकडं यायला अर्धा तास."

माझं मत असं, की हा शब्द क्रियापदाच्या जिवावर जगतो. नुसतं 'पाणी' म्हटलं तर काहीच कळत नाही. पुढं सोडलं, पाजलं, मुरलं, चढलं, उतरलं यातलं काय येतंय ते बघायचं.

'सोडणे' घ्या. चावीवाला पाणी सोडतो तेव्हा आपण बादल्या लावतो. धरणातनं पाणी सोडलं की नदीकाठची माणसं जनावरं हलवायला लागतात. (राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तिथं कुणी सोडत नाही, पाणी आपणहून सुटतं.) आणि माझ्या आत्यानं माहेरच्या शेतातल्या वाट्यावर पाणी सोडलं तेव्हा एक थेंबही सांडला नाही, कागदावर सही झाली फक्त. दान देताना हातावरून उदक सोडायची जी रीत आहे, तिथून हे आलंय. पाणी ताम्हणात पडलं की देणाऱ्याचा हक्क संपला. आत्याची सही बॉलपेननं झाली, शब्द मात्र ताम्हणातलाच राहिला.

'पाजणे'ची गंमत याहून मोठी. माझ्या दुकानात शेतकरी सांगतो, "रात्रीची लाइट हाय, उसाला पाणी पाजायचंय, आजच्या आज मोटर बांधून द्या." त्याच्या हिशेबात पाणी मोजताही येतं. पहिलं पाणी, दुसरं पाणी. "एक पाणी कमी पडलं" म्हणजे उताऱ्याला फटका. मग दुकानासमोर चहा पीत उभे असलेले दोन हौशी खासबागेतल्या कुस्तीबद्दल बोलत असतात, "दोन मिनिटांत पाणी पाजलं बघ त्याला." पाजणारा दोन्हीकडं तोऱ्यात, पिणाऱ्याचं नशीब मात्र वेगळं.

तिसरं पाजणं भट्टीवरचं. लहानपणी ऊसतोडीच्या आधी आजोबा कोयते घेऊन लोहाराकडं जायचे, मी भाता हलवायला. पातं लाल झालं की लोहार ते ठोकायचा, परत निखाऱ्यात घालायचा, परत ठोकायचा. इथवर गप्पा चालू. शेवटी मात्र तो गप्प व्हायचा. लाल पातं काढून नुसती धारेची कड पाण्यात धरायची, चर्र आवाज, की लगेच बाहेर. मग कड दगडावर जराशी घासून तिच्याकडं बघत राहायचं. पात्याच्या पोटातली उष्णता धारेकडं सरकते आणि उजळ कडेवर पिवळसर छटा चढत येते. ती निळी व्हायच्या आत अख्खं पातं बुडवायचं. एवढ्या क्षणाचा सगळा खेळ. पाणी जास्त बसलं तर धारेचे तुकडे पडतात, कमी बसलं तर धार वळते. आजोबा पातं अंगठ्यावर हलकंच टेकवून म्हणायचे, "ह्याला पाणी हाय."

कोरड्या ठणठणीत पोलादाला पाणी आहे! हे एकदा डोळ्यानं बघितलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. माणसाचं पाणी जोखणं, पाणीदार डोळे, "कोल्हापूरचं पाणीच वेगळं" हा आमचा जुना माज. गुजरीत सराफ मोत्याचं पाणी बघतो, तांब्याच्या दागिन्यावर सोन्याचं पाणी चढवतात. आणि असं चढलेलं पाणी चारचौघांत उतरवलं, की झाला पाणउतारा. यात ओलं काहीच नाही.

उलट जे खरोखर ओलं आहे, ते कामाला लागलं की त्याचं पाणी हे नाव जातं. भातासाठी चुलीवर ठेवलं की ते आधण. अंघोळीच्या कढत पाण्यात गार मिसळलं की ते विसण. तांदूळ धुतलेलं ते धुवण. पुरणाची डाळ शिजवून काढलेला तो कट, त्याची आमटी. देवाला अंघोळ घातलेलं ते तीर्थ. आणि मटण शिजवलेलं, तिखट पडायच्या आधीचं ते अळणी. घरातलं लहान पोर आणि आजारी माणूस यांचा त्यावर पहिला हक्क. खानावळीत यातल्या कशालाही पाणी म्हणालात तर मालकाचा अपमान होतो. "आज पांढरा रस्सा म्हणजे नुसतं पाणी आहे" याहून जहरी टीका कोल्हापुरात नाही. 'विसण' माझ्या पोरांच्या तोंडातनं गेलाच, गिझर आल्यावर कोण कशात काय मिसळतोय. जपानी भाषेत म्हणे गार पाण्याला 'मिझु' आणि गरम पाण्याला 'यु' असे दोन वेगळे शब्दच आहेत. 'गरम मिझु' म्हटलं तर कानाला खटकतं. आपल्या आधणाचं तसंच आहे, 'गार आधण' कोण म्हणेल?

आता तुमचा पहिला प्रश्न. वॉटर, वासर, वदा हे खरोखर एकाच घरचे. ग्रीक 'हुदोर' त्यातलाच, हायड्रोजनच्या नावात तोच बसलाय. तुर्कस्तानात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची हित्ती भाषा बेद्रिख ह्रोझनी या चेक अभ्यासकानं 1915 मध्ये उलगडली, ती ज्या वाक्याच्या आधारानं, त्याचा अर्थ साधारण "आता तुम्ही भाकरी खाल आणि पाणी प्याल" असा. त्यात पाण्याला शब्द होता 'वातर'. तीन हजार वर्षांपूर्वीची मेलेली भाषा, आणि शब्द जवळपास आजचा इंग्रजी.

या घराण्यातला आपला माणूस मात्र पाणी नव्हे, उदक. गोव्याकडं आजही पिण्याच्या पाण्याला उदक म्हणतात. आपण ते भटजींसाठी राखून ठेवलं. रशियन वोडका म्हणजे शब्दशः 'पाणुलं', लाडानं छोटं केलेलं पाणी. म्हणजे वास्तूला घातलेली उदकशांत आणि नंतर गच्चीवर उघडलेली वोडका नात्यानं भावंडंच की.

'पाणी' आला तो संस्कृत पानीयवरून. वाचनीय पुस्तक, रमणीय जागा, तसं पानीय, म्हणजे पिण्याजोगं. मुळात विशेषण, नाम गळून पडलं आणि विशेषणच खुर्चीत बसलं. त्यामुळं आपण 'पिण्याचं पाणी' म्हणतो तेव्हा एकच गोष्ट दोनदा सांगतो, आणि 'हे पाणी पिण्यायोग्य नाही' हा फलक व्युत्पत्तीनं बघितला तर स्वतःशीच भांडतो.

तिसरं घराणं फारसी 'आब', संस्कृत 'अप्'चा सख्खा नातेवाईक. पंजाब म्हणजे पाच पाणी हे सगळ्यांना माहीत असतं. पण अब्रूसुद्धा त्यातलीच: आब-ए-रू, चेहऱ्यावरचं पाणी. म्हणजे इराणी माणसालाही इज्जत पाण्यातच दिसली, पाणउतारा त्यालाही कळला असता. गुलाब हे आधी फुलाचं नाव नव्हे. गुल म्हणजे फूल, गुलाब म्हणजे फुलाचं पाणी. तोच शब्द अरबीतून फिरून औषधाच्या वाटेनं परत आला आणि झाला जुलाब. एकाच शब्दाची दोन पोरं, एक अत्तराच्या दुकानात आणि दुसरं कुठं ते सांगायला नको. शराबला मात्र यात ओढू नका. ती अरबी, तिच्यात आब नाही. तिची सख्खी बहीण सरबत.

चौथं घराणं माझ्या सासुरवाडीचं. बायको निपाणीच्या पलीकडची, माहेरी कन्नड. तिकडं पाणी म्हणजे नीरु, डोळ्यातलं पाणी कण्णीरु. आपण संस्कृत समजतो तो 'नीर' मूळचा द्राविडी, असं बरेच अभ्यासक मानतात. सासूबाई सोप्या कामाला म्हणतात, नीरु कुडिदष्टु सुलभ, पाणी पिण्याइतकं सोपं. फारसीतही हुबेहूब हेच म्हणतात. याच घराण्यात 'वेळ्ळम' आहे. मल्याळी माणसानं वेळ्ळम मागितलं तर तांब्या द्यायचा, तमिळ माणूस वेळ्ळम म्हणून ओरडला तर माळ्यावर चढायचं, कारण तिकडं त्याचा अर्थ पूर. माझ्या मावशीचा फोन आठवला ना? आम्ही जे एका शब्दात भागवलं, ते त्या दोन भाषांनी वाटून घेतलं.

लांबच्या भाषांतलं थोडक्यात. व्हिएतनामी भाषेत पाणी आणि देश यांना एकच शब्द. इंडोनेशियात मायभूमीला 'तानाह आयर' म्हणतात, म्हणजे माती-पाणी. हवाई बेटांवर 'वाय' म्हणजे गोडं पाणी आणि 'वायवाय' म्हणजे संपत्ती. बोट्स्वानाच्या चलनाचं नाव 'पुला', अर्थ पाऊस; कोरड्या मुलखात पैशाला याहून चांगलं नाव काय देणार! आणि बंगालीत एकाच भाषेची माणसं, हिंदू बहुतेक जल म्हणतात आणि मुसलमान पानी.

शेवटी एक राहिलं. अमरकोशात पाण्याच्या नावांची भली मोठी माळ आहे; त्यात वन आहे, अमृत आहे, आणि 'जीवन'ही आहे. म्हणजे जगणं वगैरे नव्हे, चक्क पाण्याचं एक नाव. आमच्या गल्लीत येणाऱ्या टँकरवर निळ्या अक्षरांत 'पाणी हेच जीवन' लिहिलंय. मी एकदा ड्रायव्हरला सांगितलं, अहो, याचा अर्थ 'पाणी हेच पाणी' असा होतो. त्यानं पाइप हौदात टाकला, वळून टँकरकडं बघितलं आणि म्हणाला, "मग बरोबरच हाय की. आत दुसरं काय हाय?"