समुद्राकाठी बाइकच्या पॅनेलवर कुठलं कोटिंग टिकतं?

तुम्ही विचारलंय की गाडी हर्णैला घराबाहेर उघड्यावर असते, समुद्र हाकेच्या अंतरावर, साइड पॅनेल आणि टेलचा रंग गेलाय. परत रंगवायचंच आहे तर वरून सिरॅमिक, टेफलॉन, पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) की पावडर, काय मारून घ्यावं?

मी रत्नागिरीत गाड्या रंगवतो. माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येणाऱ्याला मी आधी पॅनेल काढून उलटं करायला लावतो. प्लास्टिकचं असेल तर आतल्या बाजूला एबीएस किंवा पीपी (प्लास्टिकचे दोन प्रकार) अशी बारीक अक्षरं उठवलेली सापडतात. लोहचुंबक चिकटला तर पत्रा. बुलेटसारख्या जुन्या घडणीच्या गाड्यांना अजून पत्र्याची पॅनेल दिसतात. या तिघांना एकच औषध चालत नाही, आणि दुकानदार तुम्हाला नेमकं तेच विकत असतो.

पावडर कोटिंग प्लास्टिकसाठी नाहीच. पावडर भट्टीत साधारण 180 ते 200 अंशांना भाजावी लागते आणि एबीएस शंभरच्या आसपासच मऊ पडायला लागतं. तरीही कुणी करून देतो म्हणाला, तर तो साधा स्प्रे मारून पावडरचे पैसे लावणार, एवढं समजून चाला.

पत्र्याला मात्र पावडर उत्तम, पण तिची तयारी नीट हवी. खाऱ्या वाऱ्यात पत्रा दर्शनी बाजूने सडत नाही, कडेने आणि पाठीने सडतो. जुनं पॅनेल हातात घ्या आणि रबरी बुश बसतो त्या भोकाभोवती बघा. रंगाखाली दोऱ्यासारख्या वळवळत्या रेषा उठलेल्या दिसतील. नख लावलं की रंगाची सालच सुटते. आत दुमडलेल्या कडेत तांबडी माती साचलेली असते, आणि ती भर मे महिन्यातही ओलसर लागते. कारण मातीतलं मीठ. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. आपल्याकडे एवढी आर्द्रता पावसाळा नसतानाही असते, म्हणजे पाऊस नसला तरी पत्रा ओलाच.

म्हणून पावडरवाल्याकडून या गोष्टी करून घ्या. पॅनेल आधी गोड्या पाण्याने खळखळून धुऊन वाळवलेलं हवं. मीठ तसंच ठेवून घासलं तर ते पत्र्यात चोळल्यासारखं होतं. धारदार कडा कानशीने किंचित गोल करा, कारण भट्टीत पावडर वितळली की तीक्ष्ण धारेवरून मागे सरते आणि तिथे थर पातळ राहतो. गंज पूर्ण काढल्यावर खाली झिंकचा इपॉक्सी प्रायमर, वर पॉलिएस्टर पावडर. नुसती इपॉक्सी पावडर वर ठेवू नका, उन्हाने तिचा खडू होतो. आणि पाठीवरही पूर्ण कोट. ‘आतून कोण बघतंय’ म्हणणाऱ्या कारागिराकडून गाडी परत आणा.

आता एबीएस, म्हणजे बहुतेक आजच्या गाड्या. इथे माझं मत ठाम आहे: वर टू-के पीयू क्लिअर. म्हणजे पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर, हार्डनर मिसळून मारायचा. डब्यातून थेट स्प्रे होणारा लॅकर स्वस्त पडतो, पण पेट्रोल सांडलं की विरघळतो. दुकानात तपासायचं तर नमुन्याच्या तुकड्यावर पेट्रोलमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर दाबून धरा. नीट वाळलेला पीयू ढिम्म राहतो, लॅकर चिकट होतो. एबीएसवर कडक थिनर मारला तर बारीक चिरा पडतात, म्हणून आधी वॉटर पेपरने हलकं घासून पातळ कोट घ्यावेत. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना घातक. घरी अंगणात तोंडाला फडकं बांधून हा उद्योग करू नका.

पीयू भर पावसाळ्यात मारून घेऊ नका. हार्डनर ओलाव्याशीही रिअ‍ॅक्ट होतो, बुडबुडे येतात आणि चकाकी धुरकटते. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात बंद बूथ नसेल तर कारागीर कितीही चांगला असो, काम बिघडतं. दसऱ्यानंतर करा, किंवा आगोटीच्या बऱ्यापैकी आधी. मारल्यावर आठवडाभर शाम्पू-पॉलिश काही नको.

पीपी, म्हणजे मडगार्डचा न रंगवलेला काळा भाग. त्याला रंग धरतच नाही. खास प्लास्टिक प्रायमर मारूनही खडे उडाले की पोपडे निघतात. रंगवू नका. काळ्या प्लास्टिकचं ट्रिम ड्रेसिंग मिळतं, ते अधूनमधून लावा. डिझेल किंवा जळकं ऑइल फासायची आपली पद्धत चॅसीपुरती ठेवा, प्लास्टिक आणि रबराला ते लागू देऊ नका.

सिरॅमिकचा थर एक-दोन मायक्रॉनचा. चकाकी राहते, चिखल पटकन सुटतो, धुणं सोपं होतं. खडा अडत नाही आणि आतून येणारा गंज तर मुळीच नाही. पीयूवर हौस म्हणून मारा, पीयूऐवजी नको. ‘टेफलॉन’ नावाने गॅरेजात जे घासतात ते पॉलिशच असतं, काही महिन्यांत जातं. मॅट पॅनेल असेल तर यातलं काहीही लावण्याआधी कोपऱ्यात बघा, तेलकट डाग पडले की जात नाहीत.

पीपीएफ मी फक्त टाकीच्या बाजूला आणि गुडघे घासतात तिथे लावतो. घ्यायचाच तर टीपीयूचा (लवचीक पॉलियुरेथेन प्लास्टिक), पीव्हीसीचा पिवळा पडतो. सगळ्या पॅनेलवर लावला तर त्याच्या कडेत तांबडी माती शिरते आणि ती रेघ काही केल्या निघत नाही.

एक राहिलं. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी बऱ्याचदा मचूळ असतं. त्याने गाडी धुतली तर वाळल्यावर मीठ परत पॅनेलवरच. नळाचं पाणी वापरा, पावसाळ्यात पागोळीचं. आणि उघड्यावर ठेवताना ताडपत्री गच्च गुंडाळू नका, खालून हवा खेळू द्या.