स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केसच्या चित्रातल्या राजपुत्राला झगा का घातलाय आणि त्याच्या अंगावर एवढं काय लटकतंय?

तो मुलगाच आहे. फेलिपे प्रोस्पेरो, स्पेनच्या चौथ्या फेलिपेचा मुलगा. चित्र १६५९ सालचं, सध्या व्हिएन्नात. त्या काळी युरोपात लहान मुलग्यांनाही झगेच घालत, त्यामुळे झग्यावरून काहीच ठरवू नका. बघायचं ते पांढऱ्या एप्रनवर लोंबणारी घंटी आणि ताईत. ते दागिने नव्हेत. आधीचा वारस बाल्तासार कार्लोस १६४६ मध्ये गेला होता, हे पोरही सारखं आजारी. दृष्ट लागू नये म्हणून आपण तीट लावतो, काळे मणी बांधतो, तेच हे.

आमच्या घरी आजोबांचं लहानपणचं तैलचित्र आहे. जरीचं परकर-पोलकं, वेणी आणि नाकात सोन्याची बारीक वाळी. पणजीची आधीची तीन मुलं गेली होती. म्हणून याचं नाक टोचलं, मुलीसारखं नटवलं आणि हाक मारायची ती 'धोंड्या'. देवाला वाटावं, हे पोर कुणाला नकोच आहे. ती वाळी म्हणजे पणजीची सगळी भीती होती.

माझ्या चुलतभावाने चित्र साफ करायला दिलं आणि वाळी रंगाने बुजवून आणली. ‘मुलाच्या नाकात बरं दिसतं का?’ म्हणे. बारा वर्षं झाली, अजून आमचा वाद चालू आहे. माझं म्हणणं एकच. जुन्या चित्रात जे विचित्र वाटतं, तेच चित्रकाराने आणि चित्र काढून घेणाऱ्याने मुद्दाम ठेवलेलं असतं. तुमच्या घरी असं चित्र असेल तर साफसफाईला देण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. भावाने माझ्या आत्याला विचारलं नाही.

एक मात्र आहे. राजपुत्राच्या पांढुरक्या चेहऱ्यात मरणाची चाहूल दिसते असं बरेच जण लिहितात, ते मला पटत नाही. तो गेला १६६१ मध्ये, चार वर्षंही पुरी झाली नव्हती. व्हेलास्केस त्याच्या आदल्या वर्षीच वारला होता. त्याच्यासमोर आजारी पण जिवंत पोर उभं होतं. खुर्चीतल्या कुत्र्याचा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावतो. मला तो फक्त कुत्रा वाटतो.

आमच्या चित्रावर बाजूने उजेड पाडला की बुजवलेल्या रंगाखाली वाळीचा उंचवटा अजून दिसतो. मागच्या दिवाळीत भावाचा हात धरून त्याचं बोट त्यावरून फिरवलं.