पूज्यापासून मोजणारा माणूस

मागच्या अंकात मी एड्सगर डाइकस्ट्रा यांच्याबद्दल पानभर लिहिलं होतं. जन्म १९३० चा, रॉटरडॅमचा. १९८४ साली हॉलंड सोडून टेक्सासमधल्या ऑस्टिनला गेले, १९९९ पर्यंत तिथल्या विद्यापीठात शिकवलं. संगणकशास्त्रातला एवढा मोठा माणूस, पण शाईच्या पेनानं लिहायचा आणि लिहिलेलं टपालानं धाडायचा. प्रोग्रॅममधल्या चुकीला 'बग' म्हणणं त्यांना चालत नसे, हेही ओझरतं आलं होतं. एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यांनाच देऊन टाकतो. मोबाइलच्या बॅटरीबद्दल विचारणाऱ्यांनी महिनाभर दम धरावा.

प्रश्न (कराडहून, संगणक अभियांत्रिकीची विद्यार्थिनी): आमचे सर 'डिजकस्ट्रा' म्हणतात, यूट्यूबवर कुणी 'डिकस्ट्रा' म्हणतं. तोंडी परीक्षेत काय म्हणू?

परीक्षकांना जे ऐकायचं असेल ते म्हण, मार्क पदरात पाड, आणि घरी येऊन 'डाइकस्ट्रा' म्हण. आय आणि जे या जोडीचा डच उच्चार 'ए' आणि 'आइ' यांच्या मधे कुठंतरी लोंबकळतो. आपल्या जिभेला 'डाइ' सोपं. डाइक म्हणजे पाणी अडवायला घातलेला बांध, आणि 'स्ट्रा' हे उत्तरेकडच्या फ्रिसलंडमधल्या आडनावांचं शेपूट, आपल्या 'कर'सारखं. हा गृहस्थ सिंधुदुर्गात जन्मता तर बांधकर झाला असता. मी स्वतः अठरा वर्षं फळ्यासमोर उभं राहून 'डिजकस्ट्रा'च शिकवलं, तेव्हा तुझ्या सरांना हसू नकोस.

तुझ्या अभ्यासक्रमात त्यांची कमीत कमी अंतराची रीत आहे ना, तिची गोष्ट परीक्षेत कुणी विचारणार नाही म्हणून इथं सांगतो. १९५६ साल. आम्सटरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदीला गेले होते. दमले, एका कॅफेच्या बाहेर कॉफी घेत बसले. डोक्यात प्रश्न घोळत होता: रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा सगळ्यात जवळचा रस्ता कसा काढायचा? निघालो त्या गावाला सगळ्यात जवळचं गाव कोणतं ते पक्कं करायचं. मग पक्क्या झालेल्या गावांवरून पुढं जाऊन, मूळ गावापासून त्यानंतरचं जवळचं कोणतं ते पक्कं करायचं. एकदा पक्कं झालेलं गाव पुन्हा उकरायचं नाही. वीस मिनिटांत रीत तयार. कागद नाही, पेन्सिल नाही. हाताशी पेन्सिल नव्हती म्हणूनच ती इतकी सुटसुटीत झाली, असं ते पुढं म्हणत. छापून यायला मात्र १९५९ उजाडलं.

प्रश्न (पुण्याहून, निवृत्त बँक अधिकारी): संगणकाचा प्राध्यापक आणि सगळं हातानं लिहायचा? जरा तिखटमीठ लावलंत का?

नाही लावलं. उलट कमीच सांगितलं. घरात टीव्ही नाही, सिनेमाला जाणं नाही, मोबाइल नाही. नंतर नंतर एक मॅकिंटॉश संगणक आला, तो ईमेल आणि इंटरनेटपुरता. त्यांची टिपणं आधी टाइपरायटरवर आणि मग शाईच्या पेनानं लिहिलेली. प्रत्येकावर स्वतःची आद्याक्षरं ईडब्ल्यूडी आणि पुढं क्रमांक. अशी तेराशेच्या वर टिपणं आहेत. गणिती सिद्धता, प्रवासवर्णनं, तक्रारी, विनोद, सगळं त्यात. 'मॅथेमॅटिक्स इन्कॉर्पोरेटेड' नावाची एक खोटी कंपनी काढून तिचे अध्यक्ष म्हणून ते गंभीर चेहऱ्यानं अहवाल लिहायचे. कंपनीचा माल काय, तर प्रमेयं! टिपणाच्या झेरॉक्स थोड्या मित्रांना टपालानं जायच्या, ते आणखी झेरॉक्स काढून पुढं पाठवायचे. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर सुविचार फिरतात, तसं हे जगभर फिरायचं, फक्त तिकीट लावून.

यातलं एक १९८९ मध्ये सांगलीपर्यंत पोचलं. आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याचा भाऊ अमेरिकेत शिकत होता, त्यानं पाठवलं. क्रमांक १०३६, तीसेक पानं. झेरॉक्सची झेरॉक्स, कडेचे शब्द करड्या धुरासारखे. मी कॉलेजसमोरच्या दुकानात आणखी एक प्रत काढायला दिली. संध्याकाळी घरी येऊन वाचायला बसलो तर काही केल्या सूर लागेना. मधूनच कुणाचं तरी बोलणं कानावर पडावं तसं. सगळं वाचून संपलं आणि शेवटच्या पानावर पाहतो तर मथळा! कोपऱ्यात नीट, गोल अक्षरात लिहिलेलं: १०३६-०. म्हणजे पहिल्या पानाचा क्रमांक शून्य. दुकानातल्या पोरानं एकपासून पानं लावली आणि हे शून्याचं काय करायचं न कळून ते तळाशी सरकवलं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला बोललो, तर म्हणाला, "सर, शून्य नंबरचं पान असतंय होय?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. पण डाइकस्ट्रा शून्यापासूनच मोजायचे आणि त्यामागची कारणं सांगणारं एक छोटं टिपण त्यांनी १९८२ साली लिहून ठेवलंय, क्रमांक ८३१. वस्तूचा क्रमांक म्हणजे तिच्या आधी किती होऊन गेल्या तो आकडा, हा त्यातला गाभा. आपल्याला हे अवघड जाऊ नये. बाळाला 'दुसरं लागलं' म्हणतो तेव्हा पूर्ण झालेलं वर्ष एकच असतं, आणि पाळण्यातल्या बाळाचं पहिलं चालू असतं पण गाठीशी शून्य. माझी आजी तर शून्य म्हणायचीच नाही. 'एकावर पूज्य दहा' अशीच उजळणी तिनं घोकून घेतली. पूज्य! शून्याला इतका मान देणाऱ्या भाषेत वाढून मी ते पान तळाला राहू दिलं, याची लाज मला झेरॉक्सवाल्यापेक्षा जास्त वाटली.

हातानं लिहिण्याबद्दल एक राहिलं. त्यांच्या हस्ताक्षरात खाडाखोड जवळजवळ नाही. एका डच दूरचित्रवाणी मुलाखतीत ते म्हणाले होते की रचना करणारे दोन जातीचे. संगीतकारांत मोत्झार्टचं सगळं आधी डोक्यात तयार व्हायचं आणि मग तो एका दमात उतरवायचा. बेथोव्हेन लिहायला आधी बसायचा, आणि नंतर दुरुस्तीचे कागद चिकटवत राहायचा. आपण कोणत्या बाजूचे, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. मी बेथोव्हेनच्या जातीचा, पण फक्त कागद चिकटवण्यापुरता.

प्रश्न (नागपूरहून, एका सॉफ्टवेअर कंपनीतील टेस्टर): त्यांना 'बग' शब्द चालत नसे असं ओझरतं लिहिलंत. आम्ही दिवसभर तोच शब्द वापरतो. त्यात काय बिघडतं?

हे त्या १०३६ मध्येच आहे. त्यांचं म्हणणं असं: बग म्हणजे किडा. किडा आपली नजर चुकवून आपणहून आत शिरतो. प्रोग्रॅममधली चूक आपणहून शिरत नाही, ती प्रोग्रॅमरनं स्वतःच्या हातानं घातलेली असते. म्हणून शब्द बदला, 'चूक' म्हणा. म्हणजे 'प्रोग्रॅम जवळजवळ बरोबर आहे, एकच बग राहिलाय' हे वाक्य तोंडातून निघणार नाही. चूक असलेला प्रोग्रॅम चुकीचा असतो, बस्स.

मी हे वर्गात सांगितलं आणि मग घरी गेलो. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, दूध उतू गेलं!" मी गॅसपाशीच उभा होतो, लक्ष ठेवायला सांगितलेलं होतं, आणि मीही अगदी सहज म्हणालो, "हो की, गेलं." दूध गेलं. जसं काही ते पिशवी उचलून बाजारात गेलं. त्या दिवसापासून माझ्या कानाला चाळाच लागला. मराठीत कप फुटतो, किल्ली हरवते, गाडी चुकते, उशीर होतो, विसरायला होतं. 'माझ्याकडून चूक झाली' म्हणताना 'मी' कसा अंग चोरून तिसऱ्या ओळीत जाऊन बसतो बघा. 'मी चूक केली' म्हणून पाहा, घशात अडकतं. मग मी मुलांना नियम घातला: प्रॅक्टिकलच्या वहीत 'एरर आला' लिहायचं नाही, 'मी अमुक ओळीत तमुक चूक केली' असं लिहायचं. दोन महिने चाललं. नंतर बाहेरचे परीक्षक आले, त्यांनी वह्या पाहून विचारलं, ही मुलं इतकी कबुलीजबाब का देतायत? नियम मागे घेतला गेला. म्हणजे, मी घेतला.

तुमच्या ऑफिसात 'बग' म्हणणं काही थांबणार नाही, थांबवूही नका, लोक चक्रम म्हणतील. मनात मात्र एकदा 'चूक' म्हणून पाहा.

प्रश्न (सोलापूरहून): तुम्ही त्यांना फार डोक्यावर घेता. ते अतिशय गर्विष्ठ होते असं वाचलं आहे.

होते. ॲलन के नावाच्या दुसऱ्या एका दिग्गजानं १९९७ मध्ये भर सभेत म्हटलं होतं की संगणकशास्त्रात उद्धटपणा 'नॅनो-डाइकस्ट्रा'मध्ये मोजतात. नॅनो म्हणजे एक अब्जांश, तेव्हा अख्खा डाइकस्ट्रा केवढा ते तुम्हीच ठरवा. १९७५ च्या एका टिपणात कोबोल ही संगणकाची भाषा शिकवणं हा गुन्हा मानावा, असं त्यांनी लिहिलं. मी कॉलेजात यायच्या आधी चार वर्षं एका साखर कारखान्यात शेतकऱ्यांची ऊसबिलं कोबोलमध्ये काढत होतो. बिलं वेळेवर निघत, बेरजा जुळत. तो गुन्हा मला कबूल आहे.

प्रश्न (इयत्ता अकरावी, रत्नागिरी): पायथन या संगणकाच्या भाषेत 'इम्पोर्ट धिस' टाइप केलं की सूचनांची यादी येते. त्यात 'तुम्ही डच नसाल तर ही पद्धत आधी कळणार नाही' अशा अर्थाचं काहीतरी आहे. तो डच म्हणजे हेच का?

नाही. ती थट्टा खिदो फान रोस्सम यांच्यावरची, पायथन बनवणारे. तेही डच, तेही १९९५ मध्ये अमेरिकेला गेले. पायथन त्यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत सुरू केलं, तेव्हा ते आम्सटरडॅमच्या ज्या संस्थेत होते, तिथंच, संस्थेचं नाव वेगळं असताना, १९५२ मध्ये डाइकस्ट्रा प्रोग्रॅमर म्हणून लागले होते. आणि पायथनमध्ये कुठल्याही यादीची मोजणी शून्यापासून सुरू होते ना? ८३१ क्रमांकाचं टिपण वाच.

प्रश्न (सध्या ऑस्टिन, मूळच्या सातारच्या): मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले आहे. ऊन सोलापूरसारखं, माणसं दिसत नाहीत, सगळं गाडीवर अवलंबून. त्या डच जोडप्याचं इथं इतकी वर्षं मन कसं रमलं असेल?

ताई, मनातलं मी कसं सांगू? पण करत काय होते ते ठाऊक आहे. त्यांनी फोक्सवॅगनची एक झोपायची सोय असलेली गाडी घेतली होती, आणि नवरा-बायको तिच्यातून राष्ट्रीय उद्यानं हिंडायचे. गाडीचं नाव 'टूरिंग मशिन'. संगणकाचा सिद्धान्त मांडणाऱ्या ॲलन ट्युरिंग यांच्या 'ट्युरिंग मशिन' या कल्पनेतल्या यंत्रावरचा हा श्लेष मुलाला विचारा, तो कपाळाला हात लावेल. घरी पियानो वाजवायचे, गावात मैफल असली की जायचे. परीक्षा तोंडी घ्यायचे, एकेका विद्यार्थ्याला कधी ऑफिसात, कधी घरी बोलावून, तासन् तास. टेक्सासच्या पोरांना ही गोष्ट जन्मभर पुरली असणार.

एक गंमत तुम्ही स्वतः पाहू शकाल. हॉलंडात लिफ्टमध्ये तळमजल्याला शून्य लिहितात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तळमजला म्हणजेच पहिला. मी लेकीकडे ह्यूस्टनला गेलो होतो तेव्हा आठवडाभर एक मजला चुकत होतो आणि प्रत्येक वेळी मला डाइकस्ट्राच आठवायचे.

प्रश्न (आइंडहोफेन, नेदरलँड्सहून, मूळचा चिंचवडचा): न्यूनेन गाव माझ्या घरापासून सायकलच्या टप्प्यात आहे. तिथं पाहावं तिकडे व्हॅन गॉग. डाइकस्ट्रांचं काय बघू?

व्हॅन गॉग तिथं १८८३ ते १८८५ असा दोनच वर्षं राहिला, पण बटाटे खाणाऱ्या शेतकऱ्यांचं ते काळपट चित्र तिथलंच, तेव्हा गावाचा हक्क आहे. डाइकस्ट्रा तिथं त्याच्या कितीतरी पट जास्त राहिले. १९७३ पासून ते एका अमेरिकन संगणक कंपनीचे संशोधक होते आणि काम करायचे न्यूनेनमधल्या घरातल्या खोलीतून. हल्ली ज्याला आपण वर्क फ्रॉम होम म्हणतो ते. आठवड्यातून एक दिवस, मंगळवारी, तुमच्या आइंडहोफेनच्या विद्यापीठात चार-सहा जण जमवून एखादा लेख ओळीओळीनं फाडायचे. आजारी पडल्यावर २००२ मध्ये ऑस्टिन सोडून न्यूनेनलाच परतले आणि ऑगस्टमध्ये तिथंच गेले. घर शोधत कुणाच्या दारात मात्र उभे राहू नका, आता तिथं दुसरं कुणी राहत असेल. हस्ताक्षरं बघायची तर टेक्सास विद्यापीठानं बहुतेक सगळी टिपणं इंटरनेटवर फुकट ठेवलीयत. १०३६ पासून सुरुवात करा, आणि छापलीत तर शून्य क्रमांकाचं पान वर ठेवा.

जाता जाता एक. १९५७ मध्ये आम्सटरडॅमला त्यांचं लग्न नोंदवताना वराचा व्यवसाय विचारला. 'प्रोग्रॅमर' म्हणाले, तर असा व्यवसायच नाही म्हणून अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं नाही. शेवटी 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' अशी नोंद झाली. तुमच्या तिथं राहण्याच्या परवान्याच्या अर्जात त्या रकान्यात काय लिहिलंत, कळवा.