ड्राफ्टआधी संघाला नक्की काय हवंय? बेंगल्स २०२१ आणि माझी चुकलेली यादी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसात एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) ड्राफ्टच्या अंदाजांची पैज लागली आहे, तुमच्या वाट्याला एक संघ आलाय, आणि त्याला कुठल्या जागेवर माणूस हवाय ते तुम्हाला ठरवायचंय. तुम्ही म्हणता, "मागच्या हंगामात जिथे सगळ्यात वाईट खेळ झाला तीच गरज, इतकं सोपं आहे ना?" जाता जाता किकरबद्दलही (चेंडू लाथेने मारून गुण मिळवणारा) विचारलंय. ते शेवटी सांगतो. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सोपं नाही. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यापायी सपशेल तोंडावर आपटलो. ओहायोत घर असल्यामुळे सिनसिनाटी बेंगल्स हा माझा संघ. त्याला इलाज नाही. तेव्हा उदाहरण त्यांचंच देतो.

हा खेळ नवा असलेल्यांसाठी एवढंच: ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव नव्हे. बोली नसते, नंबर असतो. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि आदल्या हंगामात सगळ्यात मागे राहिलेला संघ सगळ्यात आधी निवडतो. खेळाडू कितव्या नंबरावर गेला त्यावर त्याचा पगार जवळपास ठरूनच जातो. करार चार वर्षांचा, आणि पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षी ठेवायचं की नाही हे संघाच्या हातात. हे पगाराचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर २०२० मध्ये बेंगल्सनी पहिल्या नंबरावर क्वार्टरबॅक (आक्रमणात चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) जो बरो घेतला. पोरगा दहाच सामने खेळला, त्यात ३२ सॅक खाल्ले (म्हणजे चेंडू फेकण्याआधीच ३२ वेळा पाडला गेला), आणि २२ नोव्हेंबरला वॉशिंग्टनविरुद्ध डाव्या गुडघ्याचे लिगामेंट फाटून हंगामाबाहेर गेला. संघ ४ जिंकला, ११ हरला, १ बरोबरीत. पुढच्या ड्राफ्टात नंबर लागला पाचवा. आणि तिथे ओरेगॉन विद्यापीठाचा टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीच्या, म्हणजे लाइनच्या, टोकाचा खेळाडू) पेनाय सुएल उपलब्ध असणार, असं दिसत होतं. सहा फूट पाच इंचांचा भिंतीसारखा माणूस. क्वार्टरबॅकचा गुडघा गेलाय, समोर भिंत विकत मिळतेय. यात विचार काय करायचा? मी यादीत पहिल्या ओळीवर "टॅकल" लिहिलं आणि रिसीव्हरच्या (फेकलेला चेंडू झेलणाऱ्याच्या) रकान्यात बरोबरची खूण केली. टी हिगिन्स आहे, टायलर बॉइड आहे, झालं की.

बेंगल्सनी घेतला रिसीव्हर. जमार चेस. बरोचा एलएसयूमधला (लुइझियाना राज्य विद्यापीठ) जोडीदार, २०१९ मध्ये दोघांनी मिळून १५ पैकी १५ सामने जिंकलेले. सुएल सातव्या नंबरावर डेट्रॉइटला गेला. त्या रात्री मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझं काय चुकलं ते नंतर कागद घेऊन बसल्यावर कळलं. पहिली गोष्ट, मोजणीच चुकली होती. आजकाल बहुतेक संघ बराच वेळ तीन रिसीव्हर लावून खेळतात, आणि बेंगल्स तर त्यात पुढेच. त्यांचा ए. जे. ग्रीन मार्चमध्ये ॲरिझोनाला निघून गेला होता. म्हणजे दोन रिसीव्हर असणं म्हणजे जागा भरलेली नव्हे, एक जागा रिकामी. बचावातही हेच. कागदावर चार डिफेन्सिव्ह बॅक (फेकलेले चेंडू अडवणारे मागचे बचावपटू) असतात, प्रत्यक्षात अर्ध्याहून जास्त वेळ पाच मैदानात असतात. तेव्हा "तिसरा कॉर्नरबॅक" (त्यांच्यापैकी रिसीव्हरला अडवणारा) हा राखीव नाही, तो नेहमीचा खेळाडू आहे. तुमच्या संघाचं पत्रक करताना अकरा-अकरा नावं लिहू नका. कोण किती स्नॅप (म्हणजे डाव) खेळला ते बघा. त्या आकड्यांतून संघ खरा दिसतो.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. "टॅकल" ही गरज मी डिसेंबरच्या डोळ्यांनी पाहत होतो, आणि ड्राफ्ट असतो एप्रिलच्या शेवटी. मधे मार्च येतो. मार्चच्या मध्याला फ्री एजन्सी उघडते, करार संपलेले खेळाडू बाजारात येतात, आणि संघ निम्मी भोकं तिथेच बुजवून टाकतात. बेंगल्सनी त्या मार्चमध्ये मिनेसोटाचा रायली रीफ उजव्या टॅकलसाठी आणला. डाव्या बाजूला जोना विल्यम्स होताच, २०१९ चा अकराव्या नंबराचा खेळाडू, ज्याला ते टाकून देणार नव्हते. आणि बचाव? २०२० मध्ये त्यांनी केलेले सॅक होते १७, सबंध लीगमध्ये सगळ्यात कमी. माझ्या यादीत दुसऱ्या ओळीवर होतं "पास रशर" (समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा). त्यांनी ट्रे हेंड्रिक्सनला चार वर्षांसाठी ६ कोटी डॉलर देऊन तीही ओळ खोडली. कॉर्नरला चिडोबी अवुझी आणि माइक हिल्टन आणले. एप्रिल उजाडेपर्यंत मी जी यादी उराशी धरून बसलो होतो ती शिळी झाली होती.

म्हणून माझी पद्धत आता अशी आहे. फेब्रुवारीत एक पत्रक करायचं, पण त्यात "चांगला-वाईट" असा रकाना नाही. नाव, वय, करार कोणत्या वर्षी संपतो, मागच्या वर्षी किती स्नॅप, कुठली दुखापत. बस. मग मार्च संपेपर्यंत रोज थोडं खोडायचं, थोडं लिहायचं. यात सगळ्यात बोलका रकाना कराराचा. संघाने एखाद्या जागेवर एका वर्षाचा करार केला, तर संघच तुम्हाला सांगतोय की "यंदाचं भागवतो, पण ही जागा अजून मोकळीच धर." रीफचा करार एका वर्षाचाच होता. बेंगल्सनी दुसऱ्या फेरीत लाइनचा माणूस घेतला यात मग नवल ते काय.

उलट, एप्रिलमध्ये जनरल मॅनेजर पत्रकारांसमोर जे बोलतात ते कानाआड करा. त्या महिन्यात खरं बोलण्यात त्यांचा काहीच फायदा नसतो.

पुढच्या दोन वर्षांचा हिशोब धरायचा तो कसा, हे ग्रीन बे पॅकर्सकडून शिकावं. २०२० मध्ये संघ नुकताच कॉन्फरन्सच्या (लीगच्या अर्ध्या भागाच्या) अंतिम सामन्यापर्यंत गेलेला, सगळं गाव म्हणत होतं रिसीव्हर घ्या. त्यांनी नंबर वर सरकवून २६ व्या जागी क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह घेतला, आणि घरात ॲरन रॉजर्स होता, ३६ वर्षांचा. रॉजर्सने त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) हा मान जिंकून सगळ्यांची बोलती बंद केली. पण २०२३ मध्ये तो न्यूयॉर्क जेट्सकडे गेला तेव्हा पॅकर्सना क्वार्टरबॅक शोधत फिरावं लागलं नाही. हा निर्णय बरोबर होता की नाही यावर अजून भांडणं होतात (मला विचाराल तर, तेव्हा एक रिसीव्हरही घ्यायला हवा होता), पण गरज यंदाचीच असते असं नाही, हे त्यावरून कळतं.

तिसरी गोष्ट बाजाराची. प्रत्येक जागेची किंमत सारखी नसते. क्वार्टरबॅक, टॅकल, पास रशर, रिसीव्हर, कॉर्नर हे बाजारात महाग, आणि चांगला असेल तर त्याचा संघ त्याला बाजारात येऊच देत नाही. रनिंग बॅक, सेफ्टी वगैरे त्या मानाने स्वस्तात मिळतात. पहिल्या फेरीतला खेळाडू चार वर्षं ठरलेल्या पगारात खेळतो, तेव्हा ती संधी महागड्या जागेवर वापरली तर सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत) जी बचत होते ती दुसरीकडे लावता येते. सुएल आणि चेस दोघेही महागड्याच जागांचे, म्हणून तो वाद खरोखरच अटीतटीचा होता. पाचव्या नंबरावर गार्ड (लाइनवर टॅकलच्या आतल्या बाजूचा) हवा म्हणून कोणी ओरडत असेल तर मात्र त्याला शांतपणे खाली बसवा.

आणि चौथी, जी मी पूर्णच विसरलो होतो: यंदाच्या ड्राफ्टात कुठलं पीक भरघोस आलंय? २०२१ मध्ये लाइनचे खेळाडू खोलवर होते. चेस पाचव्यावर घेऊन लाइनचा माणूस दुसऱ्या फेरीत घेता येत होता. उलट केलं असतं, तर दुसऱ्या फेरीत दुसरा चेस मिळाला नसता. बेंगल्सचा विचार नेमका हाच होता. ३८ वा नंबर पेट्रियट्सना देऊन ते ४६ वर आले आणि क्लेमसनचा जॅक्सन कार्मन घेतला.

इथे माझी थोडीशी सुटका होते. कार्मन काही जमला नाही. त्यानंतर सतरा जागांनी, ६३ व्या नंबरावर, कॅन्सस सिटी चीफ्सनी सेंटर (लाइनच्या मधोमधचा खेळाडू) क्रीड हम्फ्री उचलला, जो पुढे लीगमधल्या सर्वोत्तम सेंटरांपैकी एक झाला. म्हणजे बेंगल्सनी गरज बरोबर ओळखली, फेरीही बरोबर निवडली, माणूस चुकला. हे दोन वेगळे हिशोब आहेत आणि तुमच्या पैजेत ते वेगळेच ठेवा. गरज तुम्हाला घरबसल्या काढता येते. कोणता पोरगा टिकेल ते पगारी स्काउटांनाही छातीठोक सांगता येत नाही.

चीफ्सचा विषय निघालाच आहे तर त्यांचं ते वर्ष जरूर बघा. माझ्या मते गरज ओळखण्याचा त्याहून चांगला धडा नाही. ७ फेब्रुवारी २०२१ ला सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यात) टॅम्पाने त्यांना ३१-९ असं धुतलं. दोन्ही टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, दुखापतीमुळे बाहेर, आणि पॅट्रिक महोम्स रात्रभर जीव घेऊन पळत होता. आता भावनेने बघितलं तर "दोघं बरे होऊन येतील, एक राखीव घेऊ" असं म्हणता आलं असतं. पण करोनामुळे त्या वर्षी सॅलरी कॅप १९ कोटी ८२ लाख डॉलरवरून १८ कोटी २५ लाखांवर उतरली होती, आणि दोघांची वयं तिशीला टेकलेली. चीफ्सनी मार्चमध्ये दोघांनाही एकाच दिवशी सोडलं. गार्ड जो थूनीला ८ कोटी डॉलरचा करार दिला. ड्राफ्टला आठवडा उरलेला असताना पहिल्या फेरीचा ३१ वा नंबर वगैरे बाल्टिमोरला देऊन टॅकल ऑर्लँडो ब्राउन घेतला. मग ड्राफ्टात हम्फ्री, आणि सहाव्या फेरीत, २२६ व्या नंबरावर, गार्ड ट्रे स्मिथ, जो फुप्फुसांतल्या गाठींच्या जुन्या आजारामुळे एवढा खाली घसरला होता. उजव्या टॅकलला लुकस नियांग, जो आदल्या वर्षीच घेतलेला पण करोनामुळे खेळलाच नव्हता. नवा हंगाम सुरू झाला तेव्हा पाचही जण नवे! यातले ड्राफ्टातून त्या वर्षी आलेले दोनच. कागदावर एकच गरज, "ऑफेन्सिव्ह लाइन", पण ती भागवली चार वेगवेगळ्या वाटांनी.

तुमचा संघ कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण त्याचा प्रशिक्षक किंवा कोऑर्डिनेटर बदलला असेल तर पत्रक पुन्हा पहिल्यापासून वाचा. चार जणांच्या बचावफळीत शोभणारा माणूस तीन जणांच्या फळीत कधी कधी निरुपयोगी ठरतो, आणि रिकामी नसलेली जागा एका नेमणुकीने रिकामी होते.

चेसचं पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको: पहिल्याच वर्षी १,४५५ यार्ड, १३ टचडाउन, सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडूचा पुरस्कार, आणि बेंगल्स थेट सुपर बोलमध्ये. तरी सुएलवाल्यांचं म्हणणं खोटं ठरलं असं मी आजही म्हणणार नाही. बरोने त्या हंगामात ५१ सॅक खाल्ले, लीगमध्ये सर्वाधिक. डिसेंबरात रीफ दुखावला आणि उजवी बाजू राखीव खेळाडूंवर आली. सुपर बोलमध्ये आणखी ७. रॅम्स २३-२० ने पुढे, चौथा डाव (म्हणजे चेंडू राखायची शेवटची संधी), हवा होता एक यार्ड. चेस रॅम्सच्या जेलन रॅम्सीला मागे टाकून मोकळा धावत सुटला होता. पण त्याच्याकडे चेंडू जाण्याआधी त्यांच्याच ॲरन डोनल्डने बरोला कवेत घेऊन गरगरा फिरवला. तो एक डाव मी किती वेळा पाहिलाय. त्यात माझी यादीही आहे आणि त्यांचीही.

आता किकर. पहिल्या तीन फेऱ्यांत घेऊ नका, इतकंच म्हणेन. "कधीच नको" हे मात्र चूक. बरोच्या अगदी पहिल्या सामन्यात, २०२० मध्ये, बेंगल्सच्या किकरची शेवटच्या क्षणांतली ३१ यार्डांची किक हुकली आणि चार्जर्सविरुद्धचा सामना १६-१३ असा गेला. पुढच्या वर्षी त्यांनी पाचव्या फेरीत, १४९ व्या नंबरावर, एव्हन मॅकफर्सन घेतला. मी तेव्हा हसलो होतो. त्या हंगामाच्या प्लेऑफमध्ये त्याने १४ पैकी १४ फील्ड गोल मारले. नॅशव्हिलला टायटन्सविरुद्ध बरो नऊ वेळा पाडला गेला, तरी धावफलक १६-१६ होता. घड्याळात चार सेकंद, अंतर ५२ यार्ड. मॅकफर्सनने आत घातला.