मोडलेला बाण की रिकामा भाता?

एक अनुवादिका इंग्रजी थरारकादंबरी मराठीत आणत आहेत. कथेत अमेरिकी हवाई तळावरून एक अणुबॉम्ब चोरीला जातो आणि ते कळताच एक अधिकारी फोनवर दोनच शब्द उच्चारतो : 'ब्रोकन ॲरो'. बाईंनी लिहिलं 'मोडका बाण'. संपादकांना हसू आलं. त्यांनी सुचवलं 'भंगलेला बाण', त्यावर बाईंना हसू आलं. शिवाय हा बॉम्ब 'हरवला' म्हणायचा, 'गहाळ झाला' म्हणायचा की 'चोरीला गेला', यावरही दोघांचं एकमत होईना. योग्य काय, असा त्यांचा प्रश्न.

आधी बाणाचं बघू. मराठीत प्रत्येक वस्तूची खराब होण्याची क्रिया वेगळी असते. दोरी तुटते, मडकं फुटतं, कापड फाटतं आणि काठी मोडते. बाण काठीच्या जातीचा, म्हणून तो मोडतो. तुटते ती धनुष्याची दोरी. भंगतात त्या मूर्ती आणि स्वप्नं. 'भंगलेला बाण' हे एखाद्या कवितासंग्रहाला चालेल, विंग कमांडरच्या तोंडी नाही. मग 'मोडका' का खटकतं? कारण 'मोडका' हा स्वभाव झाला आणि 'मोडलेला' ही घटना. मोडकी खुर्ची वर्षानुवर्षं माळ्यावर पडून असते. मोडलेली खुर्ची परवापर्यंत धड होती. अपघाताची खबर द्यायची तर 'मोडलेला बाण' म्हणावं लागेल.

पण खरा घोटाळा पुढे आहे. कथेत बाण मोडलेलाच नाही.

अमेरिकी लष्कराच्या या सांकेतिक शब्दांचं एक अख्खं कुटुंब आहे आणि ते सगळं जुन्या शस्त्रागारातून उचललेलं. किरकोळ त्रुटीला 'डल सोर्ड', म्हणजे बोथट तलवार. त्याहून गंभीर पण अपघातापर्यंत न गेलेल्या प्रकाराला 'बेंट स्पीअर', वाकलेला भाला. अण्वस्त्राचा प्रत्यक्ष अपघात झाला, म्हणजे विमान कोसळलं, स्फोटकं पेटली, किरणोत्सर्ग पसरला, बॉम्ब समुद्रात टाकावा लागला, तर 'ब्रोकन ॲरो'. आणि अण्वस्त्र कुणी हिसकावलं, चोरलं किंवा ते ताब्यातून निसटलं, तर 'एम्प्टी क्विव्हर', रिकामा भाता. म्हणजे चोरीच्या कथेला हवा तो शब्द तयारच होता. १९९६ साली 'ब्रोकन ॲरो' याच नावाचा हॉलिवूडपट आला, त्यात बॉम्ब पळवणारा खुद्द विमानाचा वैमानिकच. ते नाव इतकं गाजलं की तेव्हापासून थरारकथांमध्ये अणुबॉम्ब दिसेनासा झाला की बाण मोडतो. लेखकांवर सगळं खापर फोडायला नको. अमेरिकी संरक्षण खात्याने १९८१ मध्ये १९५० ते १९८० या काळातल्या ३२ अपघातांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा अपघाताच्या व्याख्येत चोरीही बसवली होती. या दोन शब्दांच्या हद्दी थोड्याफार एकमेकींत शिरतातच. तरी ज्या कथेचा सगळा डोलारा चोरीवर उभा आहे तिथे 'एम्प्टी क्विव्हर' नेमकं.

(एक सावधगिरी : कादंबरी व्हिएतनाम युद्धातली असेल तर हे सगळं विसरा. नोव्हेंबर १९६५ मध्ये इया द्रांगच्या लढाईत 'ब्रोकन ॲरो'चा अर्थ होता, आमची तुकडी शत्रूखाली चिरडली जातेय, असतील नसतील तेवढी विमानं पाठवा. तिथे अणूचा संबंध नाही.)

आता 'भाता'. या शब्दावर माझा जीव आहे, कारण मराठीत तो दुहेरी आहे. लोहाराचा भाता, पेटीचा भाता, जिना चढून छातीचा होतो तो भाता. आणि अर्जुनाचा, खांडववन जाळायच्या वेळी वरुणाने दिलेला, कधीच न संपणारा अक्षय भाता. 'रिकामा भाता' म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे कोळसा आणि ऐरण येईल का? मला नाही वाटत. क्रिकेटच्या बातम्यांनी हा शब्द जिवंत ठेवलाय. गोलंदाजाच्या भात्यात यॉर्कर असतो, पुढाऱ्याच्या भात्यात शेवटचं अस्त्र असतं. 'तूणीर' जास्त काटेकोर खरा, पण तो शब्द वापरणारा अधिकारी कीर्तनाला बसल्यासारखा वाटेल.

दुसरा प्रश्न मला जास्त रंजक वाटतो. 'हरवणे', 'गहाळ होणे', 'बेपत्ता होणे', 'चोरीला जाणे', 'लंपास करणे', 'पळवणे' यांत फरक वस्तूचा नाही, जबाबदारीचा आहे.

'बॉम्ब हरवला' यात कुणाचा हेतू नसतो. ५ फेब्रुवारी १९५८ रोजी जॉर्जिया राज्यातल्या टायबी बेटाजवळ सरावात एका बी-४७ बॉम्बफेकी विमानाला लढाऊ विमान धडकलं. वैमानिकाने सुरक्षित उतरता यावं म्हणून पोटातला अणुबॉम्ब उथळ समुद्रात टाकून दिला. तो अजून सापडलेला नाही. हा हरवलेला बॉम्ब. आता बघा, 'हवाई दलाचा बॉम्ब हरवला' आणि 'हवाई दलाने बॉम्ब हरवला' यांत एका प्रत्ययाने दोष कुठून कुठे जातो! सरकारी खुलासा नेहमी पहिल्या वाक्यासारखा असतो, विरोधी पक्षाचं निवेदन दुसऱ्यासारखं. आपल्याकडचंही उदाहरण आहे. १९६५ साली नंदादेवीवर चीनच्या चाचण्यांवर नजर ठेवणारं यंत्र बसवायला भारत-अमेरिकेची गुप्त मोहीम गेली. हवामान बिघडलं म्हणून प्लुटोनियमवर चालणारा त्याचा वीजसंच वाटेतच कड्याला बांधून मंडळी खाली आली आणि दुसऱ्या वर्षी परतली तर तो जागेवर नव्हता. १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाईंना संसदेत त्याचा खुलासा करावा लागला. तो बॉम्ब नव्हता, पण क्रियापद 'हरवला' हेच.

'गहाळ' हा कचेरीचा शब्द. फाइल गहाळ होते. ऐकणाऱ्याचा त्यावर विश्वास नसतो आणि सांगणाऱ्याचाही फारसा नसतो. 'गहाळपणा' म्हणजे हलगर्जीपणा; तो आरोप या शब्दाच्या पोटातच बसलाय. २००७ च्या ऑगस्टअखेर नॉर्थ डकोटातल्या मायनॉट तळावरून सहा क्रूझ क्षेपणास्त्रं अण्वस्त्राची वॉरहेड्स न काढताच विमानाला लटकवली गेली आणि लुइझियानातल्या बार्क्सडेलला पोचली. जवळपास ३६ तास ती योग्य पहाऱ्याविना होती आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही. अधिकृत वर्गवारी वाकलेल्या भाल्याची. मराठीत याला 'गहाळ' सोडून दुसरा शब्द शोभत नाही.

'बेपत्ता' माणसांसाठी आणि विमानांसाठी ठेवा. ज्याने पोचल्याची खबर द्यायला हवी होती तो बेपत्ता होतो. बॉम्ब आपण होऊन खबर देत नाही. 'लंपास' म्हटलं की दुचाकी, मंगळसूत्र, एटीएम. दोन मेगाटनांना तो शब्द फार हलका पडतो.

उरलं 'चोरीला जाणे'. रहस्यकथेसाठी यासारखी सोय दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल तर मला दाखवा. बॉम्ब 'चोरीला गेला' : गुन्हा झाल्याचं पक्कं, पण वाक्याचा कर्ता स्वतः बॉम्बच! चोर व्याकरणातूनसुद्धा फरार. चोर कोण हे वाचकाला कळेपर्यंत हेच वापरा. कळल्यावर 'पळवला'वर या, कारण त्याला कर्ता लागतो.

चोरी आणि हरवणं यांतलं अंतर इतिहासानेच एकदा शेजारी मांडून दाखवलंय. डिसेंबर १९६५ मध्ये 'थंडरबॉल' हा बाँडपट लागला : खंडणीसाठी दोन अणुबॉम्ब पळवलेले, विमान समुद्रतळाशी लपवलेलं. तो थिएटरात असतानाच, १७ जानेवारी १९६६ रोजी, स्पेनमधल्या पालोमारेसवर अमेरिकेचं बी-५२ इंधन भरताना टँकर विमानावर आदळलं. चार हायड्रोजन बॉम्ब पडले. तीन जमिनीवर सापडले, त्यांतल्या दोघांची साधी स्फोटकं उडून प्लुटोनियम शेतांत पसरलं. (इथे 'बॉम्ब फुटला' म्हणू नका, अणुस्फोट झाला नव्हता.) चौथा समुद्रात. तो नेमका कुठे पडला हे एका स्थानिक मच्छीमाराने पाहिलं होतं. ७ एप्रिलला तो वर काढला. पडद्यावर रिकामा भाता, वास्तवात मोडलेला बाण, मध्ये जेमतेम महिना.

जाता जाता शुद्धलेखनाचं. तुमच्या हस्तलिखितात तीन ठिकाणी 'अणवस्त्र' आहे. अणु अधिक अस्त्र म्हणजे 'अण्वस्त्र', मन्वंतरासारखा संधी. 'अणवस्त्र चोरीला गेलं' ही गोपींची तक्रार होईल. आणि शस्त्र हातात धरून चालवायचं, अस्त्र सोडायचं, हा जुना फरक इथे उपयोगी आहे, कारण पुराणातलं अस्त्र मंत्राशिवाय चालत नाही. कर्णाने परशुरामांना खोटी जात सांगून ब्रह्मास्त्र मिळवलं, म्हणजे एका अर्थी चोरलंच. शाप मिळाला तो नेमक्या वेळी मंत्र विसरण्याचा. १९६२ मध्ये केनेडींनी युरोपातल्या अण्वस्त्रांना सांकेतिक कुलपं बसवायचा आदेश काढला, त्यामागचा विचार तोच : चोराच्या हाती अस्त्र पडेल, मंत्र पडणार नाही. म्हणून तर थरारकथांना कुंपणच शेत खातं असा आतला माणूस लागतो. तुमच्या कादंबरीत सांकेतिक आकडे मिळवण्याचं जे प्रकरण आहे, तिथे 'पासवर्ड'ऐवजी एखाद्या पात्राच्या तोंडी 'मंत्र' येऊ द्या. वाचक बरोबर पकडेल.

आता तुमचं वाक्य. मूळ लेखकाने 'ब्रोकन ॲरो' लिहिलंय, ते परस्पर बदलायचा हक्क अनुवादकाला नाही, असं संपादक म्हणतील. ठीक आहे. मग सांकेतिक शब्द देवनागरीत तसाच ठेवा आणि लगेच पुढच्या ओळीत पलीकडच्या माणसाला विचारू द्या, 'म्हणजे अपघात?' त्यावर आपला अधिकारी म्हणेल, 'नाही सर. भाता रिकामा आहे.'