मनःशांतीसाठी गुरू करावाच लागतो, की स्वतःचा अनुभव पुरेसा असतो?

आपल्या प्रश्नातील दोन्ही गोष्टी मला परस्परविरोधी वाटत नाहीत. शांती ज्याची त्यालाच मिळवावी लागते. मात्र नेमके कोठे पाहायचे, हे दाखवणारा जाणकार भेटला, तर पुष्कळ भटकंती वाचते. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात विपश्यना या ध्यानपद्धतीचे शिबिर केले, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

दहा दिवसांच्या या शिबिरात पहाटे चारला घंटा होते, पहिले नऊ दिवस मौन पाळायचे असते आणि सुरुवातीचे तीन दिवस केवळ नैसर्गिक श्वासाकडे लक्ष द्यायचे असते. चौथ्या दिवसापासून शरीरावरील संवेदना तटस्थपणे पाहायला शिकवतात. शिवाय रोज तीनदा, तासभर, हातपाय न हलवता आणि डोळे न उघडता बसायचे, त्याला अधिष्ठान म्हणतात. त्या बैठकीत माझा उजवा गुडघा असह्य ठणकू लागे. दुपारी सहायक आचार्यांना भेटता येते, तेव्हा मी तक्रार मांडली. त्यांनी ना धीर दिला, ना उपाय सांगितला. ‘दुखणे सतत एकसारखे असते का, ते पाहा,’ एवढेच म्हणाले. पुढच्या बैठकीत पाहू लागलो, तेव्हा त्या सलग वाटणाऱ्या ठणक्यात कोठे उष्णता, कोठे स्पंदन, तर कोठे नुसता ताण आढळला आणि तेही क्षणोक्षणी बदलत होते. ‘तास कधी संपणार’ ही माझी चिडचिडच गुडघ्यापेक्षा अधिक छळत होती. आचार्यांनी हे आधीच समजावले असते, तर मी मान डोलावली असती आणि विसरून गेलो असतो.

ही साधना 1969 साली भारतात आणणारे सत्यनारायण गोएंका मूळचे ब्रह्मदेशातील व्यापारी. तीव्र अर्धशिशीने त्रस्त होऊन ते तेथील विपश्यनेचे आचार्य ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखी घालवण्यासाठी ही विद्या नाही, असे त्यांना ऐकावे लागले. ऊ बा खिन हे सरकारी महालेखापाल होते. हिशेबातला माणूस गुरू म्हणून लाभावा, हे मला फार आवडते.

म्हणून गुरू पारखताना, तो आपल्याला स्वतःच्या अनुभवाकडे परत पाठवतो की स्वतःभोवती गुंतवून ठेवतो, एवढे जरूर पाहावे. शिबिरासाठी शुल्क नाही. मात्र मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोलावे आणि अर्जात ती माहिती लपवू नये.