डीओ झाल्यावर क्रिटिकल केअर मिळतं का? मिळतं, माझ्या मुलीला मिळालं

मुलाला अमेरिकेत डीओ (ऑस्टिओपॅथीवाली डॉक्टरकीची पदवी, तिथल्या एमडीसारखीच) कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळालीय आणि त्याला आयसीयूचा डॉक्टर व्हायचंय, ते जमेल की फॅमिली मेडिसिनमध्येच अडकेल, असं विचारलंय तुम्ही. जमेल. माझी मुलगी डीओ आहे, आज पल्मनरी-क्रिटिकल केअरला (फुप्फुसं आणि आयसीयू) अटेंडिंग, म्हणजे सगळं शिक्षण संपवलेली डॉक्टर आहे.

हे वाचून राहवलं नाही, कारण हेच तिच्या सख्ख्या मामाने तिला तोंडावर ऐकवलं होतं, आमच्याच घरी जेवताना. तो इथे एमडी म्हणून मिरवतो. म्हणाला, हाडवैद्य व्हायचंय का, आयसीयू विसर मग, वर्षभर थांब, परत एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) दे. मी म्हटलं हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला, आणि त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. पहिल्या वर्षी ती सुट्टीत आली की मला जमिनीवर मॅट टाकून झोपवायची, मानेखाली दोन्ही हात सरकवून डोळे मिटायची आणि कुठला मणका कुठे वळलाय ते पुटपुटत बसायची, मामा ते बघून हसला होता. अरे पण बाकी फार्मा, पॅथॉलॉजी, फिजिओलॉजी सगळं एमडीवाल्यांचंच, आणि हे हाताने तपासण्या-उपचाराचे दोनेकशे तास त्याच्या वर!

परीक्षांचं म्हणाल तर कॉमलेक्स (डीओंची लायसन्सची परीक्षा) द्यावीच लागते, पण मुलाला यूएसएमएलईपण (एमडीवाल्यांची) द्यायला लावाच. तिच्या स्टेप १ ला २०२२ पासून नुसतं पास-फेल आहे, त्यामुळे सगळा भार स्टेप २ वर. मग इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी (पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं ट्रेनिंग) ३ वर्षं, त्यावर पल्मनरी-क्रिटिकलची फेलोशिप (पुढचं स्पेशल ट्रेनिंग) ३. अ‍ॅनेस्थेशियाची रेसिडेन्सी करून गेला तर पुढे क्रिटिकल केअर १ वर्षात होतं. रेसिडेन्सी निवडताना नाव बघू नका, तिथेच ही फेलोशिप आहे का ते बघा. मुलीच्या हॉस्पिटलात नव्हती, मग आयसीयूवाल्यांच्या शिफारसपत्रांसाठी तिला दुसरीकडे जाऊन रोटेशन करावं लागलं, दमली पार. २०२० पासून डीओ-एमडीच्या रेसिडेन्सी एकाच छताखाली आल्यात, वेगळी रांग उरलेली नाही.

हां, डर्मा, न्यूरोसर्जरी, प्लॅस्टिक म्हणत असेल तर अवघड आहे, तिथे काही प्रोग्रॅम डीओचा अर्ज बघतच नाहीत. बऱ्याच डीओ कॉलेजांना स्वतःचं मोठं हॉस्पिटलही नसतं, तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुलं कुठे पाठवतात ते आधीच विचारून घ्या. आणि ब्रिटनमधले ऑस्टिओपॅथ वेगळे, ते डॉक्टर नसतात, नातेवाइकांचा घोळ तिथेच होतो.

मामाला मी एकच विचारते. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाने डीओंना छोटासा सेमिनार आणि ६५ डॉलर फी घेऊन एमडी करून टाकलं. शिक्षण कमी होतं तर ते एका सेमिनारात पुरं झालं का? यावर तो विषय बदलतो. अजूनही लग्नकार्यात स्वतःच्या मुलाची ओळख 'एमडी' म्हणून करून देतो आणि माझ्या मुलीची 'हॉस्पिटलात असते' म्हणून. तुमच्याकडे कोणी वर्षभर थांबायला सांगत असेल तर ऐकू नका, अ‍ॅडमिशन घेऊन टाका.